रक्कम वाढते, नावं घटतात

नोव्हेंबर 2025 पासून मध्य प्रदेशात बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचा हप्ता 1250 वरून 1500 रुपयांवर गेला. आभाराचे फलक लागले, सत्कार झाले. अडीचशे रुपयांच्या या वाढीचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही. तो साधा आहे. यादीत सुमारे 1 कोटी 26 लाख बायका. प्रत्येकीला अडीचशे जास्त म्हणजे महिन्याला 315 कोटी, वर्षाला 3,780 कोटी. जुन्या 1250 च्या दराने एका बाईला वर्षाला 15,000 रुपये लागत होते. म्हणजे वाढीवर खर्च होणाऱ्या पैशात 25 लाख 20 हजार नव्या बायका योजनेत घेता आल्या असत्या.

आत असलेल्यांना थोडं जास्त द्यायचं, की बाहेर उभ्या असलेल्यांना आत घ्यायचं, असे दोन रस्ते सरकारपुढे होते. सरकारने पहिला निवडला. ही निवड चुकीची होती असं मला वाटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अशी निवड करणं सरकारला इतकं सोपं का गेलं, ते बघायला हवं. बाहेर असलेल्या बाईला विचारायचा काही हक्कच नाही, हे त्याचं कारण. योजनेच्या मागे कायदा नाही. शासनाचा आदेश आहे, आणि आदेशातलं दार उघडायचं की लावायचं हे आदेश काढणाऱ्याच्या हातात असतं.

दार कसं लागलं ते आधी पाहू. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी 2023 च्या सुरुवातीला योजना जाहीर केली. 25 मार्च ते 30 एप्रिल अर्ज, मे महिन्यात कच्ची यादी आणि हरकती, 10 जूनला 1000 रुपयांचा पहिला हप्ता. एवढ्या कमी वेळात सव्वा कोटी बायकांच्या खात्यात पैसे पोचवणं ही शासनयंत्रणेची खरोखर मोठी कामगिरी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. वार्डावार्डांत शिबिरं लागली, अर्ज फुकट, उत्पन्नाचा दाखला नको, मूलनिवासी प्रमाणपत्र नको. बाईने स्वतः हजर राहायचं, जागच्या जागी फोटो काढायचा, स्वयंघोषणेवर सही करायची, पावती घ्यायची. सुरुवातीला वय 23 ते 60 होतं. जुलैमध्ये दुसरी फेरी निघाली तेव्हा ते 21 वर आणलं, आणि घरी ट्रॅक्टर असलेल्यांनाही आत घेतलं. ऑगस्टमध्ये ती फेरी संपली. 17 नोव्हेंबरला मतदान झालं, 3 डिसेंबरला 230 पैकी 163 जागा भाजपला मिळाल्या. ऑगस्ट 2023 नंतर नवी नोंदणी झालेली नाही.

याचा अर्थ एका घरात कसा दिसतो? थोरल्या जावेचं लग्न 2019 मध्ये झालेलं. तिचं नाव पहिल्याच यादीत आहे आणि आज तिला 1500 मिळतात. धाकटीचं लग्न 2024 च्या मे महिन्यातलं. स्वयंपाकघर एक, नवरे सख्खे भाऊ, दोघांची कमाई जवळपास सारखी. धाकटीला काहीच नाही, कारण नोंदणी सुरू होती तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि अविवाहित मुलगी या योजनेत बसत नाही. गरज, उत्पन्न, वय यांतलं काहीही तिच्या आड आलेलं नाही. लग्नाची तारीख आड आली. 2023 नंतर एकविसाव्यात पाऊल टाकलेल्या प्रत्येक विवाहितेची हीच गत आहे.

मग 2023 पासून यादीत हालचाल होतच नाही का? होते, पण ती एकाच दिशेने. 2024 मध्ये 1 कोटी 29 लाखांच्या घरात असलेला आकडा आता 1 कोटी 26 लाखांवर आलाय. कुणी साठीची झाली, कुणी वारली, कुणाच्या नवऱ्याला सरकारी नोकरी लागली, कुणाचं समग्र आयडी, म्हणजे राज्याच्या कुटुंबनोंदणी पोर्टलवरचा क्रमांक, अडकलं. तीन लाख नावं घटली म्हणजे 1500 च्या दराने महिन्याला 45 कोटी, वर्षाला 540 कोटी वाचले. निदान या रिकाम्या झालेल्या तीन लाख जागा तरी भरता आल्या असत्या.

आता अपात्रतेचे नियम. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. घरात आयकर भरणारा नको, सरकारी नोकर किंवा पेन्शनर नको. पाच एकरांहून जास्त जमीन नको. नावावर चारचाकी नको. दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढीच रक्कम मिळत असलेली बाई नको, पण सामाजिक सुरक्षा पेन्शनचे 600 मिळत असतील तर फरकाची रक्कम मिळते. कागदावर हे नियम ठीक आहेत. घोटाळा होतो तो ‘कुटुंब’ या एका कल्पनेवर. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं. समग्र पोर्टलवर मात्र अनेक घरांत एकाच आठ आकडी परिवार आयडीखाली आजी, काका, दीर, जाऊ सगळे नोंदलेले आहेत, कारण ती नोंद राशनच्या हिशेबाने झालेली. दिराने व्हॅन घेतली की वहिनीची पात्रता संशयात येते. दिराचं कुटुंब नियमाने वेगळं, हे खरं. पण पोर्टलवर ते वेगळं आहे हे सिद्ध करायचं काम वहिनीवर पडतं.

परिवार आयडी वेगळा करून घेणं हे तत्त्वतः तासाभराचं काम. झोन कार्यालयात किंवा कियोस्कवर अर्ज द्यायचा, वेगळ्या राहण्याचा पुरावा जोडायचा, प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी आयडी कायम राहतो, फक्त परिवार क्रमांक बदलतो. अडचण अशी की बदलाला मंजुरी स्थानिक संस्थेची लागते, आणि त्या मंजुरीला वेळेचं बंधन नाही म्हटलं तरी चालेल. परित्यक्तेची तर पुरती कोंडी होते. नियमात तिला स्पष्ट जागा आहे. ती माहेरी येऊन दहा वर्षं झालेली असतात, पण समग्रवर तिचं नाव सासरच्या परिवारात. तिथून नाव काढायचं तर सासरच्या घराशी, कधी सासरच्या जिल्ह्याशी गाठ. ज्या घरातून तिला हाकललं त्याच घराच्या ओटीपीची वाट बघायला सांगणारी व्यवस्था तिला लाडकी बहीण म्हणते!

इंदुरातल्या मराठी घरांत यावर आणखी एक थर चढतो तो नावांचा. हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे ‘संगीता शर्मा’ म्हणजे संगीता शर्मा. आपल्याकडे संगीता प्रकाश देशपांडे, आणि माहेरी संगीता वसंत कुळकर्णी. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर नवऱ्याचं, समग्रवर मधलं नावच नाही, बँकेत फक्त आद्याक्षर. त्यात लग्नात नाव बदलायची जुनी चाल. लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग, कुठेही जा. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये माहेरचं नाव शैला आणि सासरचं वैशाली अशी उदाहरणं हवी तेवढी सापडतील. माणसाला कळतं की दोघी एकच. यंत्राला कळत नाही. समग्र आणि आधार यांचं ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळखपडताळणी, करताना नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्हींची ताडणी होते, आणि फरक असला की विनंती मंजुरीसाठी अडकते.

यावरचा इलाज क्रमानेच करावा लागतो, आणि इथे बऱ्याच जणी उलट्या क्रमाने जातात. आधी समग्र दुरुस्त करतात, मग लक्षात येतं की आधारच चुकलंय, मग पुन्हा समग्र. आधी आधार नीट करावं. आडनाव बदलायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं. लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर नुसतं तेवढं पुरेलच असं नाही, राजपत्रातल्या नावबदलाच्या नोंदीपर्यंत जावं लागू शकतं. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईने कियोस्कवाल्याच्या भरवशावर अर्ज टाकू नये. त्याच्या पडद्यावरचं स्पेलिंग स्वतः वाचावं. आधार सुधारल्यावर समग्रचं ई-केवायसी, आणि ते झाल्यावरच बँक.

दुसऱ्या राज्यातून आलेल्या सुनांचं प्रकरण तर दोन्हीकडून तुटतं. जळगाव, नाशिक, पुणे इकडून इंदुरात सून येणं ही आपल्याकडे नित्याची गोष्ट. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबातली एक अविवाहित मुलगीही पात्र ठरते. समजा, तिथे तिला 1500 मिळत होते. लग्न होऊन ती इंदुरात आली की महाराष्ट्राची रहिवासी राहिली नाही, ते पैसे तिने सोडायलाच हवेत. मध्य प्रदेशात ती आता विवाहित, म्हणजे पात्र; पण नोंदणी बंद. उलट इंदूरची मुलगी महाराष्ट्रात दिली, तर तिथल्या नियमात नवऱ्याची रहिवासाची कागदपत्रं चालतात. नियम म्हणून हा चांगला होता. आता तिथेही नवे अर्ज बंद आहेत, त्यामुळे चांगल्या नियमाचा उपयोग संपला.

बँकेच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. योजनेचा पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. बाईच्या स्वतःच्या नावाचं खातं हवं, संयुक्त खातं चालत नाही. पासबुक दाखवून बँकेतला कर्मचारी म्हणतो, ‘आधार लिंक आहे’, आणि तो खरंच बोलत असतो. पण त्याच्या बँकेच्या केवायसीपुरतं. पैसा कुठल्या बँकेत उतरायचा हे एनपीसीआय या बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या नकाशावर ठरतं, आणि तिथे एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं: ज्या बँकेत सगळ्यात शेवटी संमती दिली, तिचं. बाईने मध्येच बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, मोबाइलच्या दुकानात सिमकार्डाबरोबर पेमेंट बँकेचं खातं निघालं, की नकाशावरचं नाव गुपचूप बदलू शकतं. 2017 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत देशभरातल्या लाखो ग्राहकांचं गॅस अनुदान असंच जाऊन पडलं होतं, आणि बऱ्याच जणांना अशा खात्याचा पत्ताही नव्हता. आजही ‘माझा हप्ता आला नाही’ म्हणणाऱ्या बायकांत काहींचा हप्ता आलेला असतो, फक्त दुसऱ्याच खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की दोन मिनिटांत कळतं. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटीची, म्हणजे सरकारी पैसा थेट त्या खात्यात घेण्याची, संमती लेखी द्यायची, नुसतं ‘आधार जोडा’ म्हणायचं नाही. फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असेल तर ती रिकामी सोडायची नाही.

ही माहिती अंगणवाडी कार्यकर्तीला बहुधा असते. तिच्याकडे ती सुधारायचा अधिकार नसतो. इथे जबाबदारी चार ठिकाणी वाटलेली आहे: योजना महिला आणि बालविकास विभागाची, समग्रमधल्या बदलाची मंजुरी महापालिकेच्या झोनची, आधार केंद्र सरकारच्या प्राधिकरणाचं, खातं बँकेचं. आणि हप्ता थांबला की चौघांतला प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो.

साठीचा कडा हा या योजनेतला सगळ्यात निर्दय भाग आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. साठ पूर्ण झाली की नाव आपोआप कटतं. पुढे काय? दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर वृद्धापकाळ पेन्शन: 600 रुपये. ही रक्कम कमलनाथ सरकारने 2019 मध्ये 300 वरून 600 केली होती; ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा त्यात 200 रुपयांचाच. म्हणजे एकोणसाठीत 1500 आणि साठीत 600; वर्षाला 10,800 रुपयांची घट, तीही गुडघे आणि डोळे रजा मागू लागतात त्या वयात. कार्ड नसेल तर बहुतेकींना सरळ शून्य. लाडली बहनाची अट अडीच लाख उत्पन्नाची, पेन्शनची अट दारिद्र्यरेषेची. या दोन रेषांच्या मधल्या बहुतेक बायका साठाव्या वाढदिवसाला दरीत पडतात. पोळ्या लाटणारी, डबे देणारी, शिवणकाम करणारी बाई कागदावर दारिद्र्यरेषेखाली नसते आणि तिच्या हाताशी काही नसतंही.

बरं, वाढदिवस तरी खरा आहे का? ज्यांचा जन्मदाखला नव्हता त्यांचं आधार करताना अंदाजे वय सांगितलं गेलं, आणि संगणकाने त्या वर्षाची 1 जानेवारी टाकली. म्हणून दर जानेवारीत एकदम मोठ्या संख्येने बायका ‘साठीच्या’ होतात. त्यांतल्या काहींचं खरं वय सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल, हे मानायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. नाव कटण्याआधी नोटीस येत नाही. हप्ता आला नाही म्हणून चौकशी केली की कळतं.

तक्रार करायची तर मुख्यमंत्री हेल्पलाइन, 181. या व्यवस्थेची रचना चांगली आहे: तक्रार एल-1 अधिकाऱ्याकडे जाते, वेळेत सुटली नाही तर वर सरकत एल-4 पर्यंत. पण जिल्ह्याचं मूल्यमापन किती तक्रारी बंद झाल्या यावर होतं, आणि जे मोजलं जातं तेच घडतं. अधिकाऱ्याचा फोन येतो, ‘मॅडम, कंप्लेंट बंद करवा दीजिए, काम हो जाएगा.’ नाही म्हटलं तर ‘फोर्स क्लोज’, म्हणजे संमतीशिवायच तक्रार बंद. नोंदणी बंद आहे या तक्रारीचं तर काय होणार? ‘शासन स्तरावरून पोर्टल बंद’ असा शेरा मारून ती निकाली निघते, आणि निकाली निघालेल्या तक्रारींत तिची गणती होते. दर मंगळवारी इंदुरात मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. तिथे अर्ज कुणी तरी निदान हातात घेऊन वाचतो. पण पोर्टल उघडायचा अधिकार कलेक्टरांनाही नाही.

आता आपल्या मध्यमवर्गीय मंडळींचा आक्षेप. ‘ही सगळी रेवडी आहे, आमच्या करातून वाटलेली.’ हे वाक्य इंदूरच्या मराठी मंडळांच्या आणि नातलगांच्या बैठकांत चहापोह्यांइतकंच हमखास मिळतं. त्यावर एकच सांगतो. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला. त्यासाठी कुणी शिबिरात रांग लावली नाही, नवऱ्याचा ओटीपी मागितला गेला नाही, ‘नवी नोंदणी बंद’ असं कुणी सांगितलं नाही. पात्र झालात की सवलत मिळाली, कारण ती कायद्यात लिहिलेली आहे. महिन्याला 1500 रुपयांसाठी मी याच वागणुकीची मागणी करतोय, जास्त काही नाही. पैसे द्यावेत की नाही हा वाद वेगळा, त्यावर मतभेद जरूर असावेत. पण द्यायचे ठरवल्यावर ते सारख्या परिस्थितीतल्या सगळ्यांना द्यावेत, यावर मतभेदाला जागा नाही.

खर्चाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. 1 कोटी 26 लाख गुणिले 1500 म्हणजे महिन्याला 1,890 कोटी, वर्षाला 22,680 कोटी. 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प 4 लाख 21 हजार कोटींचा. एका योजनेने त्याचा विसावा हिस्सा घ्यावा हे हलकं ओझं नाही. त्यात 2028 पर्यंत 3000 करण्याचं आश्वासन मुख्यमंत्री मोहन यादव यांनी दिलेलं आहे. तेव्हा हाच आकडा आजच्या यादीवरच वर्षाला 45,000 कोटींपुढे जाईल. म्हणून तर म्हणतो की रक्कम दुप्पट करायचा शब्द आणि दार बंद ठेवायचा निर्णय हे एकाच नाण्याचे भाग आहेत. यादी आवळून धरल्याशिवाय रक्कम वाढवणं परवडत नाही. तिजोरी मर्यादित असेल, आणि ती आहेच, तर 3000 थोड्यांना देण्याऐवजी 1500 सगळ्या पात्र बायकांना देणं न्यायाचंही आहे आणि परवडणारंही. निवडणुकीच्या सभेत मात्र ‘तीन हजार’ ला टाळ्या पडतात. ‘नोंदणी वर्षभर खुली’ ला पडत नाहीत.

महाराष्ट्राचा अनुभव याच साच्याचा, फक्त जास्त उघडा. जुलै 2024 पासून योजना, नोव्हेंबरमध्ये निवडणूक, तोवर अर्ज सढळ हाताने मंजूर. निवडणूक झाल्यावर चाळणी: 2025 च्या मध्यावर 26 लाख 34 हजार लाभार्थींचे हप्ते अपात्रतेच्या कारणावरून थांबवले गेले, त्यांत पुरुषांचीही नावं निघाली. मग ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्या बायका अडकल्या आणि मुदती वाढवाव्या लागल्या. आधी डोळे मिटून घ्यायचं आणि नंतर डोळे वटारून काढायचं, हा क्रम दोन्ही राज्यांत सारखा आहे. तपासणी व्हायलाच हवी. ती प्रवेशाच्या वेळी हवी, आणि नंतर नाव काढायचं तर कारण आधी कळवून.

यासाठी मध्य प्रदेशाला बाहेरून काही शिकायची गरज नाही. याच राज्यात 2007 पासून लाडली लक्ष्मी योजना चालते. जन्मणारी प्रत्येक पात्र मुलगी तिच्यात येऊ शकते. सहावीत 2,000, नववीत 4,000, अकरावी आणि बारावीत 6,000-6,000, पुढच्या शिक्षणाला 25,000 आणि एकविसाव्या वर्षी एक लाख, असे मिळून 1 लाख 43 हजार. सरकारं बदलली, 2018 मध्ये काँग्रेस आली, 2020 मध्ये गेली, पण तिचं दार लागलं नाही. 2018 मध्ये या योजनेसाठी वेगळा कायदाच झाला. ज्या विभागाकडे लाडली बहना आहे त्याच विभागाकडे लाडली लक्ष्मी आहे, तीच अंगणवाडी, तेच समग्र. मुलगी जन्मली तर कायद्याचा आधार, तिची आई मात्र आदेशाच्या मर्जीवर.

दुसरी तयार गोष्ट म्हणजे 2010 चा लोकसेवा हमी कायदा. असा कायदा करणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य. अधिसूचित सेवेला ठरावीक दिवसांची मुदत, नकार द्यायचा तर लेखी कारण, वर दोन अपिलं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5,000 रुपये दंड, जो अर्जदाराला भरपाई म्हणून मिळू शकतो. उत्पन्नाचा दाखला आज मुदतीत मिळतो तो याच धाकाने. लाडली बहनाची नोंदणी, समग्रमधला परिवार बदल आणि कटलेलं नाव पुन्हा लावणं, या तिन्ही सेवा या कायद्याखाली आणल्या तर नवं खातं, नवा कर्मचारी, नवं ॲप काही लागत नाही. एक अधिसूचना लागते.

त्या जोडीला साठीचा कडा बुजवायला हवा: नाव कटण्याच्या तीन महिने आधी कळवावं, पेन्शनचा अर्ज विभागाने स्वतः पुढे पाठवावा, आणि पेन्शन 600 वर असेतोवर फरकाची रक्कम साठीनंतरही चालू ठेवावी. फरक देण्याची पद्धत साठीच्या आतल्या पेन्शनधारक बायकांसाठी आजही वापरात आहेच. वयाची ओळ तेवढी काढायची. आणि हेल्पलाइनवरची तक्रार तक्रारदाराच्या ओटीपीशिवाय बंद होऊ नये. बाकी सगळ्याला ओटीपी लागतो, मग यालाच का नको?

20 मे 2025 रोजी अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक थेट आपल्या राजवाड्यात भरली. इंदूरचं पालकमंत्रिपदही मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे. म्हणजे या शहरातून उठलेली मागणी वरपर्यंत पोचायला मधले टप्पे कमी आहेत. महापालिकेची मागची निवडणूक जुलै 2022 मध्ये झाली, पुढची 2027 मध्ये येईल, आणि 85 वार्डांतले उमेदवार दारोदार हिंडतील. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, पोर्टल उघडता येत नाही हे खरं, पण महापालिकेत ठराव मांडता येतो, आणि समग्रच्या मंजुऱ्या तर त्याच्याच झोनमध्ये अडकलेल्या असतात. त्याला नेमकं विचारावं: तुमच्या वार्डात ऑगस्ट 2023 नंतर लग्न झालेल्या, पात्र असूनही बाहेर राहिलेल्या बायका किती? परिवार वेगळा करण्याचे किती अर्ज झोनमध्ये तीस दिवसांहून जास्त पडून आहेत? या वर्षी साठीमुळे किती नावं कटली, आणि त्यांतल्या कितींना पेन्शन सुरू झाली? आकडे त्याच्याकडे नसतील तर झोनमधून आणायला सांगावं. आणि मंगळवारी जनसुनवाईला जाणारच असाल तर आधार, समग्र, बँक सीडिंगच्या पानाची छापील प्रत आणि 2023 ची पावती असेल तर ती, अशी चार कागदं अर्जाला जोडा, खाली ‘नामंजुरीचं कारण लेखी द्यावं’ हे वाक्य लिहा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.